गावी येताना परतीचं तिकीट आधी

दुबई-शारजात राहणाऱ्या खेड, चिपळूणच्या कुटुंबांपुढे दरवर्षी एकच प्रश्न: सुट्टीची तिकिटं कधी काढायची? ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते आणि चंद्रदर्शनावर ठरते. शाळांची जुलै-ऑगस्टची सुट्टी मात्र आधीच जाहीर होते. ते वेळापत्रक हाती येताच रजेचा अर्ज करावा आणि रजा मंजूर झाली की तिकिटं काढावीत. ऑगस्टअखेर शाळा उघडताना सगळेच परततात, म्हणून परतीची तारीख आधी पक्की करावी. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला वेगळं तिकीट लागतं, हेही हिशेबात धरावं. भाडं उतरेल या आशेवर थांबून ते वाढलं, तर पाच जणांचा फरक दादा-दादींसाठी राखून ठेवलेल्या पैशांतूनच जातो.