स्पीडगनचं चलान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोपाळचा व्हीआयपी रोड किंवा नर्मदापुरम रोड मोकळा मिळाला की वेगाचा काटा कधी पुढे सरकतो, ते कळतही नाही. कडेला उभ्या असलेल्या इंटरसेप्टर गाडीतली स्पीडगन मात्र तो वेग टिपते आणि मोबाइलवर चलानाचा संदेश येतो. मग फुकटचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, ‘भरूच नका’, तर कुणी म्हणतं, ‘भरून मोकळे व्हा, वाद घालून उपयोग नाही.’ दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

गैरसमज : पोलिसाने ‘वेग जास्त होता’ म्हटलं की गुन्हा सिद्ध झाला.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 183 नुसार एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर कुणालाही दोषी ठरवता येत नाही. त्या अंदाजाला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने घेतलेल्या मापाचा आधार लागतो. म्हणूनच स्पीडगन वापरली जाते.

गैरसमज : फिरत्या गाडीतल्या कॅमेऱ्याला कायद्याचा आधार नाही.
वस्तुस्थिती : आधार आहे. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 136-अ आलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम जोडला गेला. स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीडगन, पोलिसांच्या अंगावरचा कॅमेरा आणि डॅशबोर्डवरचा कॅमेरा ही सारी उपकरणं त्यात येतात. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत महत्त्वाच्या चौकांत आणि धोक्याच्या रस्त्यांवर अशी उपकरणं लावायला हा नियम सांगतो. भोपाळ त्यात येतंच.

गैरसमज : यंत्र खोटं बोलत नाही, त्यामुळे त्याची तपासणी मागता येत नाही.
वस्तुस्थिती : उपकरण अचूक असल्याचं राज्याच्या नियुक्त प्राधिकरणाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. शिवाय रडारवर चालणाऱ्या वेगमापकांची वैध मापन खात्याकडून पडताळणी आणि मुद्रांकन व्हावं, असा नियम 1 जुलै 2025 पासून लागू झाला आहे. चलानाला आव्हान देताना ही कागदपत्रं मागण्यात गैर काही नाही.

गैरसमज : आधी फलक दिसला नाही, म्हणजे चलान आपोआप रद्द.
वस्तुस्थिती : कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा, असं नियम 167-अ सांगतो. तो नसेल तर हा मुद्दा बाजू मांडताना नक्की वापरा. पण निर्णय तुम्ही रस्त्यावर उभं राहून द्यायचा नसतो. तुमचं म्हणणं संबंधित अधिकारी किंवा न्यायालय तपासतं. त्या जागेचे फोटो लगेच काढून ठेवले तर ते तिथे उपयोगी पडतात.

गैरसमज : चलान म्हणजे फक्त दंडाची रक्कम.
वस्तुस्थिती : चलानासोबत पुरावा यायला हवा. नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असं छायाचित्र, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेलं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हे सारं त्यात असावं, असं 2021 चे नियम सांगतात. नोटीस 15 दिवसांत पाठवण्याची मुदतही त्यांनीच घातली. चलान आलं की आधी फोटोतली गाडी आपलीच आहे ना, ते पाहा. नंबरातला एक आकडा चुकीचा वाचला गेला तरी दुसऱ्याचा दंड आपल्या नावावर येतो.

गैरसमज : गाडी माझी, म्हणजे गुन्हाही माझाच.
वस्तुस्थिती : वेगाची शिक्षा मुळात चालवणाऱ्याला असते. नोटीस मालकाच्या पत्त्यावर जाते, कारण नोंद त्याची असते. कलम 133 नुसार अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारलं तर चालक कोण होता, हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मेव्हण्याने गाडी नेली असेल तर ते वेळेत कळवा.

गैरसमज : दुर्लक्ष केलं की प्रकरण विरून जातं.
वस्तुस्थिती : न भरलेलं चलान न्यायालयात जाऊ शकतं. मोटारीसाठी दंड 1000 ते 2000 रुपये, तर मध्यम आणि जड वाहनांसाठी 2000 ते 4000 रुपये आहे. दुसऱ्यांदा सापडल्यास परवाना जप्त होऊ शकतो. परवाना घेतला तर पोचपावती मागा.

गैरसमज : मूळ कागद जवळ नाहीत, म्हणजे आणखी एक दंड.
वस्तुस्थिती : डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधला परवाना आणि आरसी 2018 पासून ग्राह्य आहेत. मोबाइलवर काढलेला कागदांचा साधा फोटो मात्र चालत नाही.

आणखी एक सावधगिरी. चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल कधीही उघडू नका, त्यातून खातं रिकामं होऊ शकतं. चलान परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन तपासा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते पाहा.

चूक झाली असेल तर दंड भरा. झाली नसेल तर छायाचित्र, माप आणि प्रमाणपत्र मागा आणि मुदतीत लेखी हरकत घ्या. हक्क आहे तो पुरावा पाहण्याचा. वेगमर्यादा मोडण्याचा हक्क कोणत्याही कलमात नाही.