शेपटी गाळणारा मकरंद

लंडनला प्रोजेक्टवर गेलेली मैत्रीण परवा परतली. बॅगेत चॉकलेट्स (अर्थात!) आणि एक बाटली हीदर हनी. लालसर, जेलीसारखा घट्ट, किंचित कडवट. 'टोस्टवर लाव, भारी लागतो,' ती म्हणाली. मी बाटली घेऊन थेट कम्प्युटरपुढे. फ्रीलान्सरला काय, कुठेही स्टोरी दिसते!

हीदर म्हणजे ब्रिटनच्या माळरानांवरचं जांभळ्या फुलांचं झुडूप. त्यावर बंबलबी येतात. आपल्या मधमाशीच्या या गुबगुबीत, केसाळ चुलतबहिणी. त्यांच्या आतड्यात क्रिथिडिया बॉम्बी नावाचा एकपेशीय परजीवी मुक्काम ठोकतो. पसरतो कसा? आजारी माशी फुलावर बसते, विष्ठेतून त्याला तिथे सोडते. मागून आलेली मकरंदाबरोबर त्यालाही पिते. ऑफिसच्या लिफ्टचं बटण आठवलं ना?

खरा फटका बसतो राणीला. हिवाळ्याआधी अख्खी वसाहत संपते, उरते फक्त तरुण राणी. ती जमिनीत एकटी झोपते आणि वसंतात शून्यातून घर उभं करते. 2003 च्या एका अभ्यासात लागण झालेल्या राण्यांचं पुनरुत्पादनातलं यश सुमारे 40 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. कमी नाही हे!

आता ट्विस्ट. क्रिथिडिया चाबकासारख्या शेपटीनं आतड्याला चिकटून राहतो. 2019 मध्ये क्यू गार्डन्स आणि रॉयल हॉलोवेच्या संशोधकांनी दाखवलं, की हीदरच्या मकरंदातलं कॅल्युनीन नावाचं द्रव्य ही शेपटीच गाळून टाकतं. चिकटता येत नाही, मग लागणही होत नाही!

मी खूश. 'निसर्गाचा रामबाण उपाय' अशी हेडलाइनही टाइप केली. पुढचं वाचलं आणि डिलीट केली. लागण झालेल्या माशीला याचा उपयोग नाही. मकरंद आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे परजीवीच्या अड्ड्यावर पोचेपर्यंत तिचं शरीरच हे द्रव्य बदलून टाकतं. परजीवी तिथे पोचण्याआधी, पोटातल्या मकरंदाच्या पिशवीतच कॅल्युनीनच्या तावडीत सापडला तरच फायदा. म्हणजे हीदर रोजच्या वाटेवरच हवं.

2016 च्या पाहणीनुसार ब्रिटनच्या एकूण मकरंदातला निम्म्याहून जास्त फक्त चार वनस्पती देतात. हीदर त्यातलीच एक. माळरान मोडून कुरण केलं, की माशीचं जेवण जातं आणि हे कवचही.

रात्री मैत्रिणीला सगळं फोनवर ऐकवलं. 'म्हणजे या मधानं माझी सर्दी जाईल?'

नाही गं बाई. तुला कुठे शेपटीवाला क्रिथिडिया झालाय!