कलाशाखेसाठी जन्मलेली भाषा

जुन्या वाड्यांची, गाण्यांची, आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांची ओढ आपण समजू शकतो. परंतु संगणकाच्या एखाद्या जुन्या भाषेची ओढ कोणाला वाटावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिकच वाटते. 'बेसिक' ही अशी एक भाषा आहे. तिच्या आठवणीने आज पन्नाशी ओलांडलेले अनेकजण हळवे होतात. काहीजण जुनी यंत्रे दुरुस्त करून जपतात, तर काही आजच्या संगणकावर त्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम चालवतात. या ओढीचे मूळ शोधू लागलो, की आपण थेट कलाशाखेच्या विद्यार्थ्यापाशी येऊन पोहोचतो.

१९६० च्या सुमारास संगणक हे तज्ज्ञांचे राखीव क्षेत्र होते. प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवून तो गठ्ठा यंत्रचालकाच्या हवाली करावा लागे. उत्तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी मिळे. एखादे चिन्ह चुकले, की सारा खटाटोप पुन्हा! अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. आपले बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानाचे नाहीत. उद्या समाजाचे निर्णय मात्र हेच घेतील. तेव्हा संगणक त्यांनाही कळला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी एकाच यंत्राचा वेळ अनेकांत क्षणाक्षणाने वाटून देण्याची व्यवस्था उभारली आणि 'लेट', 'प्रिंट', 'इफ' अशा साध्या इंग्रजी शब्दांची भाषा रचली. १ मे १९६४ रोजी पहाटे बेसिकचे पहिले प्रोग्रॅम चालले. यंत्राशी काम सुरू करताना 'हॅलो' आणि संपवताना 'गुडबाय' अशी आज्ञा द्यावी लागे!

१९८० च्या दशकातील बहुतेक घरगुती संगणकांत ही भाषा आधीच बसवलेली असे. भारत सरकारने १९८४ मध्ये सुरू केलेल्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत आलेले 'बीबीसी मायक्रो' हे संगणकही तसेच होते. बटण दाबताच पडद्यावर भाषेचे नाव उमटे आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. काही लिहिल्याखेरीज ते काहीच करीत नसे.

बेसिकला टीकाकारही भेटले. बेसिकची सवय लागलेल्याला चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य आहे, असे डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये बजावले होते. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. 'गोटू' या आज्ञेने कोठूनही कोठेही उडी मारता येई आणि लांबलचक प्रोग्रॅमचा पार गुंता होई. खुद्द केमेनी आणि कर्ट्झ यांनीही पुढे 'ट्रू बेसिक' ही सुधारित आवृत्ती काढली.

मग ओढ कशाची? त्या यंत्राने दिलेल्या निमंत्रणाची. आज त्याहून कितीतरी शक्तिमान संगणक प्रत्येकाच्या खिशात आहे. पण तो दुसऱ्यांनी लिहिलेले आपल्यापुढे मांडतो, 'तू लिही' असे क्वचितच म्हणतो. हीच उणीव हेरून इंग्लंडमधील काही मंडळींनी २०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' हा स्वस्त, तळहाताएवढा संगणक मुलांसाठी आणला. त्याच्या प्रकारांना 'ए' व 'बी' ही नावे बीबीसी मायक्रोच्या आठवणीनेच दिली गेली. आठवण अशी कामाला लागली, तर ती केवळ हळहळ राहत नाही.

साक्षर म्हणजे ज्याला वाचता आणि लिहिता येते तो. संगणकाच्या बाबतीत आपण बहुतेकजण अजून नुसते वाचणारेच आहोत. साठ वर्षांपूर्वी दोन प्राध्यापकांनी कलाशाखेच्या विद्यार्थ्याच्या हाती लेखणी दिली होती. ती पुन्हा उचलायची की नाही, हे आपणच ठरवायचे आहे.