किरणांसोबतचे काम आणि कायदा: गैरसमज व वस्तुस्थिती

ज्या कामाच्या जागी क्ष-किरण यंत्र किंवा किरणोत्सारी पदार्थ वापरला जातो, तिथे कर्मचारी, रुग्ण आणि शेजारी यांच्या सुरक्षिततेचे नियोजन करणे कायद्याने बंधनकारक आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली २००४ साली केलेले किरणोत्सर्ग संरक्षण नियम हा या नियोजनाचा पाया. देखरेखीचे काम अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजेच एईआरबी करते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात आहे. तरीही या नियमांविषयीचे काही गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज : हे नियम अणुभट्ट्यांसाठी आहेत.
वस्तुस्थिती : अणुभट्टी ही या नियमांच्या कक्षेतील अनेक जागांपैकी एक. मुंबईच्या परळ भागातच अशा जागांची किती रूपे दिसतात! टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोगावर किरणोपचार होतात. त्याच परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राचे, १९६३ मध्ये स्थापन झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर थायरॉइडच्या आजारांवर किरणोत्सारी आयोडीन वापरते. केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात साध्या एक्स-रेपासून सीटी स्कॅनपर्यंतची यंत्रे असतात. दादरच्या दातांच्या दवाखान्यातील छोटे यंत्रही नियमांत येते. जसा धोका, तशी मंडळाच्या संमतीची पद्धत. दाताच्या यंत्राची प्रक्रिया सोपी असते. किरणोपचार केंद्राला मात्र आधी जागा व नकाशा, मग बांधकाम, मग यंत्र आणि त्याच्या चाचण्या असे टप्पे पार करावे लागतात. अर्ज मंडळाच्या ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून होतात.

गैरसमज : खोलीला दार आणि भिंत असली की पुरे.
वस्तुस्थिती : भिंत कुठे आहे आणि किती जाड आहे, हे महत्त्वाचे. एक्स-रे खोलीत ज्या भिंतीवर किरणांची थेट शलाका पडते ती साधारण ३५ सेंटिमीटर विटांची, तर विखुरलेले किरण पोहोचतात त्या भिंती २३ सेंटिमीटरच्या असाव्यात, असा प्रचलित निकष आहे. दारांना शिशाचा पत्रा लावून तेवढेच संरक्षण द्यावे लागते. छातीचा एक्स-रे काढताना शलाका आडवी जाते, म्हणून उभ्या रुग्णामागच्या भिंतीपलीकडे कोण बसते हे नकाशातच पाहावे लागते.

मुंबईत गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. तळमजल्यावर दवाखाना आणि वर बिऱ्हाड असेल, मध्ये लाकडी तुळया आणि तक्तपोशी असेल, तर लाकूड विटेइतके किरण अडवत नाही. वरच्या मजल्यावरचे कुटुंब कायद्याच्या दृष्टीने ‘सर्वसामान्य जनता’ आहे. त्या दवाखान्यामुळे त्यांना मिळणारी किरणांची मात्रा वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत राहिली पाहिजे. त्यामुळे छताचा आणि शेजाऱ्याचा विचार यंत्र बसवण्याआधीच व्हायला हवा.

गैरसमज : यंत्र बंद केले तरी खोलीत किरण रेंगाळतात.
वस्तुस्थिती : क्ष-किरण विजेवर तयार होतात. स्विच बंद झाला की ते थांबतात आणि मागे काहीही उरत नाही. किरणोत्सारी पदार्थ मात्र बंद करता येत नाही. कोबाल्ट-६० ची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे सव्वापाच वर्षे लागतात, आयोडीन-१३१ ला आठ दिवस. म्हणून एक्स-रे खोलीसाठी भिंत, अंतर आणि यंत्राची गुणवत्ता तपासणी यांवर भर असतो. किरणोत्सारी पदार्थ असलेल्या जागेच्या आराखड्यात त्यांखेरीज साठवण, कुलूप, नोंदवही आणि कचऱ्याची व्यवस्था हेही यावे लागते. आयोडीनच्या मोठ्या मात्रेनंतर रुग्णाला काही काळ वेगळ्या खोलीत ठेवतात आणि तिथले सांडपाणी टाकीत साठवून किरणोत्सर्ग ओसरू देतात, ते याच कारणाने.

गैरसमज : टीएलडी बॅज किरणांपासून वाचवतो.
वस्तुस्थिती : कर्मचारी अंगावर लावतात तो हा बॅज मात्रा फक्त मोजतो. त्यातील कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवतात. प्रयोगशाळेत तापवल्यावर त्या उजळतात आणि त्या प्रकाशावरून मात्रा कळते. वाचवतात ते लेड एप्रन, भिंत आणि अंतर. अंतर दुप्पट केले की मात्रा साधारण एक चतुर्थांशावर येते. बॅज छातीवर, एप्रनच्या आत लावायचा. तो एक्स-रे खोलीत टांगून ठेवला किंवा सहकाऱ्याला दिला, तर कागदावर एकाच्या नावे दुसऱ्याचाच हिशेब लिहिला जातो. असा चुकीचा आकडा कोणाच्याही आरोग्याचे रक्षण करू शकत नाही.

गैरसमज : मर्यादेच्या आत कितीही मात्रा चालते.
वस्तुस्थिती : कर्मचाऱ्यांसाठी भारतातील मर्यादा सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षाची मर्यादा ५० आहे, म्हणजे इथला नियम अधिक कडक आहे. पण मर्यादा ही शेवटची कड आहे. कामाची गरज खरी असावी आणि मात्रा शक्य तितकी कमी राखावी, ही दोन तत्त्वे तिच्याआधी येतात. अँजिओग्राफीच्या खोलीत रुग्णाच्या अंगावरून किरण विखुरतात. तिथे पडद्यामागे उभे राहणे आणि यंत्र गरजेपुरतेच चालवणे ही रोजची शिस्त या तत्त्वांतूनच येते.

गैरसमज : गरोदरपणात हे काम सोडावेच लागते.
वस्तुस्थिती : गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत राहील, अशी कामाची फेररचना करावी लागते. म्हणजे बदलते ते कामाचे स्वरूप. कर्मचारी स्त्रीने वेळेवर कळवणे आणि संस्थेने ते सन्मानाने स्वीकारणे, दोन्ही गरजेचे. १८ वर्षांखालील व्यक्तीला मात्र असे काम देताच येत नाही.

गैरसमज : आरएसओ नेमला की मालकाची जबाबदारी संपते.
वस्तुस्थिती : आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, मंडळाच्या मान्यतेनेच नेमला जातो. तो सल्ला देतो, मोजमाप करतो, शिकवतो, त्रुटी दाखवतो. साधने, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि मात्रांच्या नोंदी यांची जबाबदारी मालक आणि परवानाधारकावर राहते. या नोंदी कर्मचारी नोकरी सोडून गेल्यानंतरही दीर्घकाळ जपाव्या लागतात, कारण काही परिणाम अनेक वर्षांनी दिसतात.

गैरसमज : जुना किरणोत्सारी स्रोत भंगारात काढला की विषय संपला.
वस्तुस्थिती : एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडले. ते दिल्ली विद्यापीठाच्या लिलावात विकल्या गेलेल्या जुन्या यंत्रातले होते. उपकरण वर्षानुवर्षे वापरात नव्हते, पण त्यातला पदार्थ जिवंत होता. अनेक जण बाधित झाले, त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला. म्हणून स्रोत घेतानाच तो वापरानंतर कुठे परत जाणार हे ठरवावे लागते, आणि अधिकृत ठिकाणी तो सुरक्षित पोहोचल्याची नोंद होईपर्यंत परवानाधारकाची जबाबदारी सुटत नाही.