वैद्यकीय ग्रंथालयातील शब्दव्यवस्था

वाचाघातासारखा विषय हाती घेणाऱ्या भाषाभ्यासकास केव्हा ना केव्हा वैद्यकीय ग्रंथालयाची पायरी चढावी लागते. तेथे त्याची पहिली अडचण ग्रंथांची नसून शब्दांची असते. एकाच व्याधीस लेखागणिक निराळे नाव. मग शोध घ्यावयाचा तो कोणत्या नावाने?

जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली सुरू केलेली ‘इंडेक्स मेडिकस’ ही लेखसूची २००४ पर्यंत छापली जात असे. तिच्याच परंपरेत अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० मध्ये ‘मेश’ हा विषयशीर्षकांचा कोश सिद्ध केला. ‘कॅन्सर’ म्हणणाऱ्यास हा कोश ‘निओप्लाझम्स’कडे नेतो, तर ‘हार्ट अटॅक’ म्हणणाऱ्यास ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’कडे. (आमच्या परिभाषाकोशकारांस हेवा वाटावा अशीच ही शिस्त आहे.) शीर्षकांची रचना वृक्षासारखी आहे, ‘अफेझिया’ हे व्यापक शीर्षक घेतले असता ब्रोका व वर्निके या प्रकारांवरील लेखही हाती येतात.

तथापि केवळ शीर्षकांवर विसंबणे धोक्याचे. १९९६ पासून संगणकावर उपलब्ध असलेल्या ‘पबमेड’मधील सर्वच नोंदींस, विशेषतः अगदी नव्या नोंदींस, शीर्षके लागलेली नसतात. प्रस्तुत लेखकाने एकदा शीर्षकावरच भिस्त ठेवून ‘अलीकडे या विषयावर काही झालेले नाही’ असे लिहून टाकले होते. संदर्भ-ग्रंथपालांनी लेखनामे व सारांश यांतील पर्यायशब्द शोधसूत्रात ‘किंवा’ने जोडून देताच ते विधान खोडावे लागले. आमचे खोडून भागले. परंतु अशाच शोधावर रुग्णाच्या उपचारांचा निर्णय होतो, तेव्हा सुटलेला एखादा लेख महागात पडू शकतो. विद्यार्थ्यांनी प्रबंधाच्या आरंभीच ग्रंथपालांची गाठ घ्यावी, आणि वापरलेले शोधसूत्र तारखेसह टिपून ठेवावे.