विश्लेषण : पन्नास हजार वस्तीचे कोलंबस ‘वास्तुरचनाकारांची पंढरी’ कसे बनले?

अमेरिकेतील कोलंबस म्हटले की ओहायो राज्याची राजधानी आठवते. मात्र शेजारच्या इंडियाना राज्यातही याच नावाचे छोटे शहर आहे. लोकसंख्या जेमतेम ५० हजार. तरीही अमेरिकेतील वास्तुरचनाकारांच्या संघटनेने १९९१ मध्ये वास्तुकलेतील नावीन्यासाठी या शहराला देशात सहावे स्थान दिले. त्याच्या पुढे होती शिकागो, न्यूयॉर्कसारखी महानगरे. हे कसे घडले?

शहराची ओळख काय?

१८२१ मध्ये वसलेले कोलंबस हे बार्थोलोम्यू काउंटीचे मुख्य ठिकाण. भोवती मका आणि सोयाबीनची शेती. १९१९ मध्ये क्लेसी कमिन्स या मेकॅनिकने स्थानिक बँकर विल्यम अर्विन यांच्या भांडवलावर डिझेल इंजिनांची कंपनी काढली. हीच आजची कमिन्स. किर्लोस्करांबरोबर भागीदारी करून ती १९६२ मध्ये पुण्यात आली. कर्वेनगरमधील मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही तिचेच नाव आहे.

बदलाची सुरुवात कुठून झाली?

१९४२ मध्ये ईलिएल सारिनेन यांनी येथे फर्स्ट ख्रिश्चन चर्च उभारले. कमानी नाहीत, नक्षी नाही; साधा चौकोनी आकार आणि बाजूला १६६ फूट उंच मनोरा. त्यांचे पुत्र ईरो यांनी १९५४ मध्ये चहूबाजूंनी काच असलेली बँक बांधली. पैसे ठेवणाऱ्याला दडपण येऊ नये, ही त्यामागची कल्पना.

कंपनीची योजना काय होती?

युद्धानंतर मुलांची संख्या वाढली, शाळा कमी पडू लागल्या. अर्विन यांच्या बहिणीचे नातू आणि कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला : नामवंत वास्तुरचनाकारांच्या यादीतून तुम्ही निवड करा, त्यांचे मानधन कंपनीचे प्रतिष्ठान देईल. बांधकामाचा खर्च मात्र नेहमीप्रमाणे सार्वजनिक पैशातून. हॅरी वीस यांनी आराखडा केलेली शाळा १९५७ मध्ये सुरू झाली. पुढे अग्निशमन केंद्रासारख्या इमारतीही योजनेत आल्या. १९६८ मधील चौथ्या क्रमांकाचे केंद्र रॉबर्ट वेंचुरी यांचे. आजवर पन्नासहून अधिक प्रकल्पांना हा आधार मिळाला.

यात कंपनीचा स्वार्थ नव्हता का?

होताच. चांगले अभियंते छोट्या गावात यावेत आणि टिकावेत, तर गावही तसे हवे. पण त्या शाळेत कामगाराचे मूलही बसले. सर्वसामान्यांच्या रोजच्या वापरातील इमारत उत्तम असावी, हा आग्रह योजनेच्या मुळाशी होता.

काय पाहण्यासारखे आहे?

आय. एम. पेई यांचे १९६९ मधील ग्रंथालय आणि त्यासमोरील हेन्री मूर यांची कांस्य कमान, रस्त्यापलीकडे सारिनेन यांचे चर्च, मिलर कुटुंबाचे १९५७ मधील घर, तसेच ईरो यांचे १९६४ मध्ये पूर्ण झालेले, १९२ फुटी सुळक्याचे नॉर्थ ख्रिश्चन चर्च. शहरातील सात वास्तूंना ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू’ हा दर्जा आहे.

मग आता अडचण कोणती?

योजनेत मानधनाची सोय होती; देखभालीचा भार मात्र ज्याच्या त्याच्यावर. फर्स्ट ख्रिश्चन चर्चच्या मनोऱ्याचे वीटकाम ढिले झाले, तेव्हा डागडुजीसाठी देणग्या गोळा कराव्या लागल्या. नॉर्थ ख्रिश्चन चर्चचे सदस्य घटत गेले आणि २०२२ मध्ये ते बंद झाले. ती वास्तू आता सार्वजनिक ग्रंथालयाच्या ताब्यात आहे. चर्चचे दार मिटले, पण वास्तू लोकांकडेच राहिली. कोलंबसपुढचा प्रश्न आता नव्या इमारती उभारण्यापेक्षा आहेत त्या वापरात ठेवण्याचा आहे. आणि तो खर्च एकदाच करून भागत नाही.