सांधेदुखीचे भेद

गुडघा दुखूं लागला कीं 'वात झाला', आणि बोटें सुजलीं तरीही 'वातच', असें म्हणून तेलाची वाटी पुढें ओढण्याचा प्रघात आपल्या घरोघरीं आहे. आमच्याही घरीं तो होता. कुटुंबाचीं बोटें दोन वर्षें रोज सकाळीं आखडत होतीं. 'वय झालें' असें आम्ही म्हणत राहिलों. निदान झालें तेव्हां दोन बोटें वांकलेलीं होतीं. तीं आतां सरळ होणार नाहींत. म्हणून हा लेखनप्रपंच.

वास्तविक आपले पूर्वज या बाबतींत अधिक चिकित्सक होते. चरकसंहितेंत वातरक्तास स्वतंत्र अध्याय आहे, तर माधवनिदानांत आमवाताचें प्रकरण निराळें आहे. आधुनिक वैद्यकही सांधेदुखीचे अनेक भेद मानतें.

उतारवयांतील गुडघेदुखी बहुधा सांध्यांतील कूर्चा झिजल्यामुळें होते. ती चालतांना वाढते, विसाव्यानें उतरते. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आंत ओसरतो. वजन घटविणें व मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, हे येथें मुख्य उपाय.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातांत शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात. सकाळचा ताठरपणा तासभर किंवा अधिकही टिकतो. हा केवळ वार्धक्याचा रोग नव्हे. तरुण स्त्रियांसही तो होतो. विलंब झाल्यास सांध्यांची हानि कायमची होते. यावर मेथोट्रेक्सेट हें औषध दिल्यास तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतल्यास प्राणांवर बेततें.

मध्यरात्रीं पायाचा अंगठा एकाएकीं लाल होऊन ठणकूं लागला, तर सांध्यांत युरिक ॲसिडचे स्फटिक सांचल्याचा संभव असतो. शाकाहारी माणसासही हा विकार होऊं शकतो.

आम्हां नागपूरकरांस आणखी एक प्रकार परिचित आहे. २००६ सालीं व पुनः २०२४ सालीं येथें चिकुनगुनियाची सांथ आली. ताप गेला, तरी कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. त्याचा डास दिवसा चावतो आणि कूलरच्या सांचलेल्या पाण्यांतही वाढतो.

एकच सांधा एकाएकीं सुजून गरम झाला व सोबत ताप असला, तर मात्र त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. सांध्यांत पू झाला असण्याची भीति असते.

दुखऱ्या गुडघ्यास तेल चोळण्यास आमची ना नाहीं. परंतु त्यापूर्वीं घड्याळ पाहावें. कोणते सांधे आखडले, सकाळीं किती वेळ आखडले, हें आठवडाभर टिपून तो कागद डॉक्टरांपुढें ठेवावा. आम्ही तो दोन वर्षें उशिरा लिहिला.